काच खाली घ्या

घोडेगावच्या फाट्यावर, जिथून शिंगणापूरचा रस्ता फुटतो, तिथल्या लिंबाखाली लंकाबाईचं बस्तान आहे. दुकान म्हणावं असं त्यात काही नाही. गॅसची लहान शेगडी, लांब तोटीची किटली, साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली, ब्लेडचं पाकीट, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि बसायला ट्रकचं एक मेलेलं टायर. पाटी नाही, छप्पर नाही. पण फाट्यावर कुणालाही विचारा, गाडीच्या काळ्या काचा कुठं साफ करून मिळतील, तर हातातला चहाचा कप खाली न ठेवता माणूस हनुवटीनं दाखवतो.

"ती काय, लिंबाखाली. जरा जपून बोला मात्र."

जपून बोलायला सांगतात ते लंकाबाईच्या आवाजामुळं. पन्नाशीची बाई, अंगानं चिपाड, पण हाक मारली तर पलीकडच्या पेट्रोल पंपावरचा माणूस नळी हातात धरून वळून बघतो. हा आवाज उसाच्या फडातला. तिचं सासर-माहेर दोन्ही जामखेडच्या अंगाला. नवऱ्याबरोबर वीस वर्षं कोयता चालवला. मग नवरा गेला, पाठोपाठ कंबर गेली, आणि भाऊ गहिनीनाथ तिला इकडं घेऊन आला. तो इथं कांद्याच्या आडतीवर मापाडी.

काचांचं काम तिला कुणी शिकवलं नाही. फाट्यावर वाहतूक पोलीस काळ्या काचांच्या गाड्या अडवायचे, दंडाची पावती फाडायचे आणि काचेवरची काळी फिल्म जागेवर काढायला लावायचे. गाडीवाले नखांनी, किल्लीनं, दातओठ खाऊन ती ओरबाडायचे. अर्धी निघायची, अर्धी चिकटून बसायची, काचेला महारोग झाल्यासारखं दिसायचं. लंकाबाई तेव्हा तिथं शेंगा विकत होती. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"अहो दादा, ते काय मेल्या ढोराचं कातडं हाय का, आसं वरबाडायला? सरा तिकडं."

शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याची किटली उचलून आणली. काच बोटभर खाली घ्यायला लावली, वरचा कोपरा नखानं हुडकला, तिथं वाफ धरली आणि हलक्या हातानं फिल्म चालवत चालवत खाली आणली. उसाचं पाचट सोलताना हात कुठं सैल सोडायचा आणि कुठं झटका द्यायचा, हे वीस वर्षं बोटांना पाठ होतं. अख्खी फिल्म एका तुकड्यात निघाली. गाडीवाल्यानं हात जोडले. त्या दिवसापासून शेंगांची पाटी गेली आणि किटली आली.

पोलिसांच्या बाजूनं फाट्यावर असायचा हवालदार बिभीषण. पोट सुटलेला, घाम पुसत बोलणारा, मनानं वाईट नसलेला माणूस. तो गाड्या अडवायचा, ही काचा काढायची. टपरीवाल्यानं पहिल्याच आठवड्यात टोमणा मारला होता, "लंका आन् बिभीषण एका झाडाखाली! आता रामराज्यच यायचं म्हना की."

"कशाचं रामराज्य," लंकाबाई म्हणाली होती. "ह्यो बिभीषण फितूर व्हायचं म्हनलं तरी वर इचारून व्हईल."

सगळे हसले. बिभीषणही हसला. तेव्हा त्या बोलण्यात इतकं खरं असेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

तिनं त्याला एकदा सरळ विचारलं होतं, "हवालदार, ह्या काचांचा कायदा तरी काय हाय? मी रोज सोलती, पर कशापायी सोलती ते मला ठावं न्हाई."

बिभीषणला समजावून सांगायला आवडायचं. टोपी काढून मांडीवर ठेवून तो म्हणाला, "हे बघ. पुढची आणि मागची काच, शंभरातले सत्तर हिस्से उजेड आरपार गेला पाहिजे. बाजूच्या काचांतनं पन्नास. कंपनीतनं काच येते ती तशीच येते. तिच्यावर आपल्या मनानं काळी फिल्म डकवायची नाही. सुप्रीम कोर्टाचा हुकूम आहे, दोन हजार बारा सालचा."

"पर उनाचं डकिवली तर कोर्टाचं काय जातं?"

"अगं, आत कोण बसलंय, काय चाललंय, हे बाहेरच्याला दिसायला नको का? पोरीबाळींना उचलून नेतात, कुणाला उडवून पळून जातात. आत कोण होतं ते कळतच नाही."

लंकाबाई म्हणाली, "म्हंजी ह्यो कायदा भाईरच्या मानसासाठी हाय व्हय! मला वाटलं गाडीवाल्यासाठी हाय. भाईरची म्हंजी आमीच की. ज्यांला गाडी न्हाई ती."

तिला तो कायदा एकदम आपला वाटायला लागला. ब्लेड हातात घेताना ती पदर खोचायची तो त्यानंतर जरा जास्तच घट्ट खोचायची.

पण मग तिचं लक्ष जायला लागलं ते हवालदाराच्या हाताकडं. हा हात कुणापुढं आडवा होतो? कांद्याच्या पिकअपपुढं. खच्चून माणसं भरलेल्या वडाप जीपपुढं. एकदा तर शिंगणापूरला निघालेल्या एका कुटुंबाच्या खटारा गाडीपुढं. मागच्या सीटवर बाई, तिच्या मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू, आणि लेकराला ऊन लागू नये म्हणून एकाच काचेला बाजारातली स्वस्त फिल्म. उन्हानं ती जांभळी पडलेली, बुडबुडे आलेली. लंकाबाईनं ती काढली. कायदा तो कायदा. मग स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल त्या काचेत अडकवून दिला आणि म्हणाली, "जावा बाई. टावेलाला कोर्टाची बंदी न्हाई."

आणि त्याच वेळी मागून ती पांढरी गाडी आली. उंच, रुंद, चारी बाजूंनी डांबर ओतल्यासारखी काळी. मागच्या काचेवर जिल्ह्यातल्या एका मोठ्या साहेबांचं नाव, सोनेरी अक्षरात. नंबर असा की लहान पोरालाही पाठ व्हावा. बिभीषणनं शिट्टी तोंडात धरली होती, हात वर केला होता. गाडी ओळखली आणि अडवायला वर केलेला हात तसाच कपाळाला लागला. सलाम! गाडी धूळ उडवत गेली.

"हवालदार, ही काळी न्हवती का?"

"लंकाबाई, तू तुझी किटली बघ."

"किटलीच बघती. किटलीलाबी डोळं हायेत म्हनून इचारलं."

पुढचे तीन-चार महिने ती गाडी आठवड्यातून दोन-तीनदा जायची आणि दर वेळी तो वर केलेला हात तसाच कपाळावर यायचा. आतला माणूस सलाम घेतो की नाही हेसुद्धा दिसायचं नाही. काळ्या काचेला सलाम! लंकाबाईच्या रागाचं आधण तेव्हा तापायला लागायचं. पण अजून ते दुसऱ्याच्या चुलीवर होतं. तिच्या घरात ते उतू आलं सायलीमुळं.

सायली म्हणजे गहिनीनाथची थोरली, लंकाबाईची भाची. नगरला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरातली पहिली पोर, जी ऊसतोडीच्या हंगामात फडावर न जाता शाळेत बसली. सकाळी सातच्या एसटीनं जायची, चारच्या एसटीनं यायची. महिन्याचा पास प्लास्टिकच्या कव्हरात घालून गळ्यात अडकवायची, डॉक्टरनी स्टेथोस्कोप अडकवावा तसा. लंकाबाई तिला चिडवायची, "ह्यो पास हाय का मंगळसूत्र? आंगुळीला तरी काढती का?"

दोन महिन्यांपूर्वी सायलीचं बोलणं कमी झालं. मग एक दिवस ती एसटी सोडून कुणाच्या तरी टेम्पोत पुढं ड्रायव्हरच्या बायकोशेजारी बसून आली. मग एक दिवस कॉलेजलाच गेली नाही. लंकाबाईनं रात्रीचं जेवण होईपर्यंत वाट बघितली आणि भांडी घासता घासता विचारलं, "काय झालंय ते सांग. न्हाई सांगितलं तर मी उद्या तुझ्यासंगं कालेजात येऊन बाकावर बसन."

सायली आधी हसली, मग रडली, मग बोलली.

"आत्या, एक गाडी येते नगरच्या स्टँडवर. मी उभी असते तिथं अगदी पायाला चाक लागेल इतकी जवळ उभी करतात. काच दोन बोटं खाली होते. आतून आवाज येतो, 'पुस्तकं जड असतील, ये की आत.' मी बाजूला सरकले की गाडीपण सरकते. एसटी आली की एसटीच्या मागं. परवा घराच्या वळणापर्यंत आली."

"कसली गाडी?"

"पांढरी. काचा काळ्या. मागं त्या साहेबांचं नाव."

लंकाबाईच्या हातातली परात खणकन पडली.

गहिनीनाथ दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो ओरडला नाही, ह्याचंच लंकाबाईला भय वाटलं. तो शांतपणे म्हणाला, "पास एकतीस तारखेला संपतोय. त्याच्या आत ही गाडी बंद झाली तर ठीक. न्हाई तर नवा पास काढायचा न्हाई. घरी बसायचं. चिचोंडीचं स्थळ आलंच हाय."

"आन् गाडीवाल्यानं काय बसायचं? गाडीतच?" लंकाबाई उसळली. "गुन्हा त्येचा, आन् पोरगी घरात? ही कुठली तऱ्हा, गहिन्या?"

"अक्का, मी मापाडी हाय. त्यो साह्यबांचा मानूस. मी काय करू, सांग तूच."

"मी सांगती काय करायचं. तक्रार."

दुसऱ्या दिवशी आत्या-भाची ठाण्यात गेल्या. टेबलामागचा माणूस कागदावर पेन टेकवून बसला होता.

"बोला. कुणाविरुद्ध?"

सायलीनं गाडीचा नंबर सांगितला. त्याचं पेन थांबलं. त्यानं दोघींकडं वरून खाली बघितलं.

"ही गाडी कुणाची, माहीत आहे का तुम्हाला?"

"आमाला कसं म्हाईत? तुमाला म्हाईत असंल तर सांगा," लंकाबाई म्हणाली.

"बाई, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. बरं, ते असू दे. आत कोण होतं? नाव?"

"दिसलं नाही. काचा काळ्या होत्या," सायली म्हणाली.

"किती जण होते?"

"दिसलं नाही."

"तरुण की म्हातारा? दाढी होती, नव्हती?"

"अहो, काच काळी होती म्हणतेय ना मी!"

पेन खाली ठेवलं गेलं. "मग पोरी, तक्रार कुणाची लिहू? काचेची?"

मागच्या बाकावरचा कुणीतरी फिसकन हसला. लंकाबाई उठली. सायलीचा हात धरून ती दाराकडं वळली. काच काळी आहे हाच गुन्हा, आणि काच काळी आहे म्हणूनच गुन्हा लिहिता येत नाही! चोरानं घरात शिरावं, आतून कडी लावावी, आणि मालकालाच विचारावं, बाहेर काय करतोस?

बाहेर आल्यावर सायली म्हणाली, "आत्या, जाऊ दे. मी घरूनच अभ्यास करीन."

"गप बस," लंकाबाई म्हणाली.

एकोणतीस तारखेला बाजार होता. घोडेगावचा जनावरांचा बाजार म्हणजे फाट्यावर सकाळपासून नुसता राडा. म्हशींचे ट्रक, बैलांचे टेम्पो, चाऱ्याच्या गाड्या, आणि त्यातच शिंगणापूरला जाणारे भाविक. हॉर्न आणि हंबरणं एकात एक. बिभीषणनं चार पिकअप रांगेत लावून ठेवले होते. पहिल्या पिकअपच्या काचेला लंकाबाई वाफ देत होती. पिकअपवाला टायरवर बसून कुरकुरत होता.

"मावशी, आमच्याच काचा दिसतात ह्यांना. ती बघा, ती येतीया."

लंकाबाईनं मान वर केली. पांढरी गाडी. पुढं म्हशींचा ट्रक आडवा अडकलेला, मागं चाऱ्याची गाडी. हलायला जागा नाही. बिभीषणचा हात वर गेला, आणि कपाळाकडं निघाला.

लंकाबाईनं ब्लेड पाकिटात ठेवलं. शेगडी बंद केली.

"आज हात बंद," ती म्हणाली.

"काय झालं?" पिकअपवाला उठला.

"त्या गाडीची काच निगंपातूर मी कुनाच्या काचंला हात लावनार न्हाई. आन् हवालदार, तुमीबी पावती फाडू नका. ऐकलं का?"

पिकअपवाल्याला एवढंच पाहिजे होतं. त्यानं मागच्या तिघांना हाक मारली. बघता बघता रांगेतले चौघं, टपरीवरचे सहा, बैल घेऊन चाललेले दोघं, सगळे लिंबाखाली. कुणीतरी मोबाईल वर धरला.

बिभीषण धावत आला. घाम मानेवरून खाली. "लंकाबाई, शहाणी आहेस ना? साहेबांची गाडी आहे ती. माझी बदली होईल गडचिरोलीला."

"तुमी नगा अडवू. नुस्ता नंबर घाला तुमच्या त्या मशिनीत. आमच्या पिकअपवाल्यांचा घालता तसा. नंबर घातल्यानं साह्येब रागवत असत्याल तर त्येंला म्हनावं, लंकाबाईनं घालाय लावला."

"अगं पण..."

"चार म्हयनं सलाम ठोकताय. एकडाव तरी बघितलंत का, कुनाला ठोकताय ते?"

गर्दीत हशा झाला. मोबाईल बिभीषणच्या तोंडाजवळ आला. त्यानं दंडाचं मशीन काढलं. एक एक आकडा दाबला. वाट बघितली. आणि मग हवालदार बिभीषणचा चेहरा असा झाला, की जणू देवळातली मूर्ती उचलून बघितली आणि आत भुसा निघाला.

"मालकाचं नाव..." तो हळू म्हणाला. "उत्तमराव..."

"कोन उत्तमराव?"

"म्हशीवाले. आपले उत्तमराव. मागच्या दिवाळीपासून गाडी त्यांच्या नावावर आहे."

मग टपरीवाला एवढा मोठ्यानं हसला की त्याच्या हातातलं दूध सांडलं. उत्तमराव म्हणजे ह्याच बाजारातला म्हशींचा दलाल! साहेबांनी गाडी विकून वर्ष होत आलं होतं. नवीन मालकानं मागचं सोनेरी नाव तसंच ठेवलं, काचा तशाच ठेवल्या, आणि अख्ख्या फाट्यानं, ठाण्यानं, हवालदारानं एका सेकंडहँड गाडीला चार महिने सलाम ठोकला. कारण आत बघायची सोय नव्हती, आणि कागद बघायची छाती नव्हती. ठाण्यातल्या त्या माणसानंसुद्धा नुसता नंबर बघितला असता तर नाव मिळालं असतं! पण सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं ना!

लंकाबाईला हसू आलं नाही. तिचे कान तापले होते. ती गाडीपाशी गेली आणि काचेवर किटलीनं टकटक केलं.

"काच खाली घ्या."

आतून काही हललं नाही.

तेवढ्यात उत्तमराव स्वतःच गर्दीतून वाट काढत आले. पांढरं धोतर, खांद्यावर मोठा गुलाबी रुमाल, हातात म्हशी हाकायची काठी. त्यांनी गर्दी बघितली, मोबाईल बघितला, मशीन बघितलं. मग गाडीच्या काचेवर बोटं वाजवली.

"तुषार. काच खाली घे."

काच हळूहळू खाली गेली. एसीची गार हवा आणि अत्तराचा भपकारा बाहेर आला. स्टिअरिंगमागं बावीस-तेवीसचं पोर. विरळ मिशी, ओठ कोरडा पडलेला, कपाळावर गारव्यातही घाम. शेजारी कुणी नाही, मागं कुणी नाही. सायलीनं सांगितल्यापासून लंकाबाईनं डोळे मिटले की काळ्या काचेमागं एक राक्षस दिसायचा. आणि हे? ह्याच्यासाठी तिच्या भाचीचा पास संपायला आला होता? तिचा राग निवला नाही, दुपटीनं चढला.

"आत्या." मागून आवाज आला. चारच्या एसटीतून उतरून सायली रस्ता ओलांडून आली होती. गर्दीनं तिला वाट दिली. ती सरळ उघड्या काचेसमोर उभी राहिली.

"म्हण," ती म्हणाली.

तुषारनं खाली बघितलं.

"'पुस्तकं जड असतील, ये की आत.' रोज म्हणतोस ना? आता म्हण. मोठ्यानं म्हण. ऐकू दे सगळ्यांना."

"मी... मी नुसती गाडी उभी करायचो," तुषार पुटपुटला.

"आवाज तोच आहे," सायली हवालदाराकडं वळून म्हणाली. "हाच."

उत्तमरावांनी एकदा मुलाकडं बघितलं. ते तीस वर्षं जनावरं पारखणारे गृहस्थ, कुठं काय मोडलंय ते त्यांना लगेच कळलं. पण त्यांना जी एकच वाट माहीत होती, ती त्यांनी धरली. ते लंकाबाईजवळ आले, खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि रुमालाखालचा हात तिच्यापुढं केला.

बाजारात सौदा असाच होतो. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. तोंडातून शब्द निघत नाही. हात सुटले की सौदा संपला.

"अक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "पोर हाय, चुकलं. मिटवून टाकू. तुमी हात तर द्या."

लंकाबाईनं त्या रुमालाकडं बघितलं. मग दोन बोटांत त्याचा कोपरा धरला, अगदी फिल्मचा कोपरा धरतात तसा, आणि एका झटक्यात ओढून काढला. उत्तमरावांचा हात उघडा पडला. बोटं अजून आकडा दाखवत होती.

"बघा रे!" लंकाबाईचा आवाज पेट्रोल पंपाच्याही पार गेला. "बापाचा रुमाल आन् लेकाची काच, एकाच ताग्यातलं कापड हाय! म्हशीचा भाव झाकून करता, करा. तुमचा धंदा हाय त्यो. माझ्या भाचीला भाव न्हाई, उत्तमराव. जे काय बोलायचं ते उघड्यावर बोला. ह्या समद्यांदेकत."

उत्तमरावांचा हात हळूच खाली गेला. बाजारातले दुसरे दलाल बघत होते. त्यांतल्या एकानं मान फिरवली. ते मान फिरवणं उत्तमरावांना लागलं असावं, कारण ते काठीवर रेलले आणि मुलाला म्हणाले, "उतर खाली. बाईला बसू दे."

तुषार उतरला आणि उन्हात उभा राहिला. फिल्म काचेच्या आतून असते, बाहेरून ती कुणालाच काढता येत नाही. लंकाबाई त्या गार गाडीत, त्याच्या सीटवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मऊ गादीवर. टपरीवाल्यानं किटली आणून दिली. तिनं कोपरा हुडकला. वाफ धरली. चारी दरवाजे, मागची काच. मागच्या काचेवरच्या बारीक तारांना धक्का न लावता, कारण काम ते काम. सोनेरी नावाला मात्र तिनं वाफ दिली नाही. ते कोरडंच खरवडलं.

पिकअपवाला म्हणाला, "मावशी, आता आमची?"

"तुमचीबी निगनार. कायदा समद्यांला सारखा म्हनूनच तर भांडली मी." त्याचं तोंड उतरलं, पण तो खाली बसला.

बिभीषणनं पावती फाडली. मग आपणहून म्हणाला, "चल पोरी, ठाण्यात. मी येतो बरोबर. मी साक्ष लिहून देतो."

टेबलामागचा तोच माणूस, तेच पेन. "नाव?" त्यानं विचारलं.

"आता हाय," लंकाबाई म्हणाली. "लिवा. तुषार. बापाचं नाव उत्तमराव. न्हाई तर तुमी परत काचेचं लिवाल."

एकतीस तारखेला गहिनीनाथ स्वतः एसटीच्या पासाच्या खिडकीवर रांगेत उभा राहिला. पास काढला, कव्हरात घातला आणि सायलीच्या हातात दिला. लंकाबाईनं विचारलं, "चिचोंडीच्या मानसांला काय सांगितलं?" "सांगितलं, पोरगी शिकतीया," एवढं म्हणून तो आडतीवर गेला.

आता इथं सगळं सुरळीत झालं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी सकाळी सायली एसटीच्या थांब्यावर उभी असताना ती पांढरी गाडी फाट्यावर आली. काचा पुन्हा काळ्या. नव्या फिल्मची चमक उन्हात दिसत होती. सोनेरी नाव तेवढं नव्हतं. लंकाबाईचा हात कमरेच्या ब्लेडकडं गेला. सायलीनं पुस्तकं छातीशी धरली.

आणि टपरीवरून आवाज आला, "काय तुषारशेठ! आज कुनीकडं?"

पिकअपच्या रांगेतून दुसरा, "तुषार, काच खाली घे रे, च्या पिऊन जा!"

बैल घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला आणि काठी काचेवर टेकवून आत बघायचा आव आणत म्हणाला, "उत्तमरावाचं लेकरू हाय न्हवं ह्यात? आरं बाहीर ये, तोंड तरी दाव."

काच काळीच होती. पण आत कोण आहे हे आता सगळ्या घोडेगावला माहीत होतं. गाडीनं हॉर्न दिला नाही, जवळ आली नाही. ती थांब्याच्या लांबून वळायला लागली.

सातची एसटी लागली. सायली चढली. खिडकीतून हात हलवला, तो आत्याला, गाडीकडं बघितलंसुद्धा नाही.

लंकाबाईनं शेगडी पेटवली, किटली चढवली आणि ओरडली, "हवालदार! गिऱ्हाईक चाललंय तुमचं."

बिभीषणनं शिट्टी तोंडात धरली. हात वर केला. हात क्षणभर तिथंच राहिला, टोपीपासून वीतभर लांब. लंकाबाई बघत होती, टपरी बघत होती.

मग त्यानं हात आडवा केला आणि शिट्टी वाजवली.